पाव आभार

आपले लेख लोक वाचतात, हे सिद्ध करायला काशिनाथ सरवटे घराबाहेर पडले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सरवटे एकतीस वर्षं पिपलानीच्या कारखान्यात देखभाल विभागात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोटरा सुल्तानाबादला घर बांधलं. चौथ्याच महिन्यात त्यांच्या पत्नी सुधाताईंनी त्यांना बजावलं की, घरातले सगळे नळ, पंखे, मिक्सर आणि कूलर दोनदा दुरुस्त झालेले आहेत, आता तिसऱ्यांदा कशालाही हात लावायचा नाही. तेव्हा सरवट्यांनी ‘वायसर’ नावाची साइट काढली आणि घरगुती दुरुस्तीवर मराठीत लेख लिहायला घेतले. ‘नळ गळतो म्हणजे नळ वाईट असतो असं नाही, त्याचा वायसर दमलेला असतो,’ अशी त्यांची भाषा होती. दहा वर्षांत दोनशे बारा लेख झाले. भोपाळमधल्या आम्हा मराठी माणसांच्या घरांत त्यांच्या लेखावाचून गिझर उघडला जात नसे. लांब सांगली-साताऱ्याहूनही पत्रं येत.

लेखांच्या कडेला पंप, पाइप आणि मलम यांच्या जाहिराती असत. त्यातून साइटचा वर्षाचा खर्च निघे आणि थोडं उरे. उरलेल्या पैशांत सरवटे पतिपत्नी वर्षातून एकदा बाहेर जेवून येत. सगळं सुरळीत होतं, आणि सुरळीत चाललेली गोष्ट आमच्या मंडळाच्या नजरेतून फार दिवस सुटत नाही.

आमचं स्नेहवर्धक मराठी मंडळ जुनं आहे. त्याचे कार्यवाह शैलेंद्र तारे विमा कंपनीत अधिकारी आहेत आणि जनजागृतीची त्यांना आवड आहे. यंदा तिळगुळाच्या कार्यक्रमात त्यांनी ‘तुमच्यावर कोण पाळत ठेवतंय?’ या विषयावर पंचावन्न मिनिटं भाषण केलं. तुम्ही मोबाइलवर एकदा गुडघ्याचं तेल शोधलंत की पुढे महिनाभर गुडघ्याचं तेल तुम्हाला शोधत फिरतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा सभागृहात शांतता पसरली. आमच्यातल्या बऱ्याच जणांना गुडघे आहेत.

यावर उपाय म्हणून तारे यांनी ‘अदृश्य’ नावाचा ब्राउझर सुचवला. हा ब्राउझर जाहिराती अडवतो, मागावर येणाऱ्यांना चुकवतो आणि तुम्ही काय वाचता ते कुणालाही कळू देत नाही. आम्ही तो तिथल्या तिथे घ्यायचं ठरवलं. पण सभागृहात नेटवर्क येत नव्हतं. तेव्हा एकशे ऐंशी सभासदांनी आपापले मोबाइल, उघडण्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून, तारे यांच्याकडे सुपूर्द केले. तारे ते तीन पिशव्यांत भरून घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत केले. त्या दिवसापासून आम्हाला फार सुरक्षित वाटू लागलं, आणि आम्ही सांगली-साताऱ्याच्या नातेवाइकांनाही ‘अदृश्य’ घ्यायला लावला.

महिन्याभरात सरवट्यांच्या साइटचं उत्पन्न जवळजवळ शून्यावर आलं. सरवट्यांनी ही गळती समजून शोधायला सुरुवात केली. दोन दिवस त्यांनी साइटचा प्रत्येक सांधा तपासला. वाचक तेवढेच होते, पण जाहिराती कुणालाच दिसत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की त्या त्यांना स्वतःलाही दिसत नाहीत. तारे यांनी पिशवीत नेलेल्या मोबाइलांत त्यांचाही होता.

ते तारे यांच्याकडे गेले.

“काका, जाहिरात म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावणं,” तारे म्हणाले. “तुमच्यासारख्या सज्जन माणसानं त्यावर जगावं का?”

“जगत नाही हो. पेन्शन आहे. साइट जगते.”

“मग भरा की पेन्शनमधून.”

“नाही भरणार,” सरवटे म्हणाले. “कारखान्यात आमचा नियम होता. ज्या यंत्रासाठी वर्षभरात कुणी तेलाचा एक डबासुद्धा मागत नाही, ते भंगारात काढायचं. मी स्वतःच स्वतःला तेल घालत बसलो, तर मला कळायचं कसं, की मी भंगारात निघालोय की नाही?”

तारे यांना हा प्रश्न समजला नाही, पण त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. अदृश्य कंपनीनं लेखकांसाठी एक नवी योजना आणली होती. बाहेरच्या जाहिराती अडवून कंपनी वाचकाला स्वतःच्या मोजक्या, सभ्य जाहिराती दाखवत होती. प्रत्येक सभ्य जाहिरातीमागे वाचकाच्या खात्यात ‘आभार’ नावाचं नाणं जमा होत होतं. महिन्याच्या अखेरीला वाचकानं ते आपल्या आवडत्या लेखकाला द्यायचं. लेखकानं त्याचे रुपये करून घ्यायचे. एका आभाराला त्या दिवशी अकरा पैसे भाव होता. ज्यांना एवढं देणं जड वाटेल, त्यांच्यासाठी अर्धा आणि पाव आभार मानण्याचीही सोय होती.

सरवट्यांनी लेखक म्हणून नाव नोंदवलं. पडद्यावर लगेच उत्तर आलं की त्यांच्या नावे वाचकांनी आधीच चार हजारांवर आभार ठेवलेले आहेत, मात्र ते मिळण्यासाठी लेखकाची पडताळणी आवश्यक आहे. त्या दिवशी सरवटे घरात गुणगुणत फिरले, असं सुधाताई सांगतात. रक्कम साडेचारशेच्या आसपास होती. पण कुणीतरी तेलाचा डबा मागितला होता.

अदृश्य कंपनीचा पत्ता गोपनीय आहे. पडताळणीसाठी तिनं शहरोशहरी सुविधा केंद्रं नेमली आहेत. भोपाळचं केंद्र जवाहर चौकात गौरांग मोघे यांच्या झेरॉक्सच्या दुकानात निघालं. मोघे चाळिशीचे, भोपाळमध्येच वाढलेले, बोलायला मोकळे.

“अंकल, टेन्शन घेऊ नका, सब हो जाएगा,” ते म्हणाले. “ओळखपत्र, पॅनकार्ड, पासबुक, लाइटचं बिल. फोटो तीन. समोरून, डावीकडून, उजवीकडून. आणि एक व्हिडिओ बनवायचा. त्यात आपलं नाव, जन्मगाव, आणि फक्त आपल्यालाच माहीत असलेलं एक गुपित सांगायचं.”

“सांगितल्यावर ते गुपित कसं राहील?”

“सर्व्हर पे रहेगा ना. एकदम सेफ.”

सरवट्यांनी थोडा विचार केला आणि कॅमेऱ्यासमोर सांगितलं की, पंचाऐंशी साली कारखान्यातला तीन नंबरचा कॉम्प्रेसर बंद पडला होता तो त्यांच्याच चुकीनं. दुकानात तेव्हा झेरॉक्ससाठी सहा जण उभे होते. त्यांतल्या एकानं हळहळ व्यक्त केली.

“आणि वाचकाकडून काय काय घेता?” सरवट्यांनी विचारलं.

“कुछ नहीं. रीडर एकदम गुप्त. देणारा कोण हे कंपनीला माहीतच नसतं. म्हणून तर घेणारा कोण हे पूर्ण माहीत लागतं. बॅलन्स राहतो.”

मोघ्यांनी पावती लिहून दिली. ती कुणा त्रिवेदींच्या पॅनकार्डाच्या झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर होती. कागद वाया घालवणं मोघ्यांना पटत नाही.

तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. श्री. काशिनाथ सरवटे यांचं व्यक्ती म्हणून अस्तित्व मान्य करण्यात येत होतं. लेखक म्हणून असलेलं अस्तित्व मात्र सिद्ध झालेलं नव्हतं. त्यासाठी जोडपत्र ‘छ’ भरायचं होतं. कोणत्याही पाच वाचकांनी, स्वतःच्या नावानिशी आणि सहीनिशी, आम्ही यांचे लेख वाचतो, एवढं लिहून द्यायचं होतं.

“पाचच?” सुधाताई म्हणाल्या. “तुमच्या लेखांवर अर्धं भोपाळ आंघोळ करतं. जा, जेवायच्या आत परत याल.”

सरवटे आधी पिपलानीला मधुरा भागवत यांच्या क्वार्टरवर गेले. मधुराबाईंनी त्यांना आग्रहानं बसवलं, चहा केला आणि आत नेऊन गिझर दाखवला.

“तुमचा लेख समोर ठेवून मी स्वतः उघडला हो! यांना हातसुद्धा लावू दिला नाही. मेकॅनिक बाराशे मागत होता.”

“मग इथे सही करता का? तुम्ही माझे लेख वाचता एवढंच लिहायचंय.”

मधुराबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी कागद दुरून वाचला. “नावानिशी? तसं नको हो, काका. मी काय वाचते, हे उद्या भलत्याच माणसाला कळलं तर?”

“गिझर दुरुस्तीच वाचता ना?”

“हो, पण आज गिझर, उद्या आणखी काही. ताऱ्यांनी सांगितलंय ना, एक सही दिली की गेलंच सगळं.”

त्यांनी वडी बांधून दिली. सही दिली नाही.

पुढच्या चार दिवसांत सरवटे तेवीस घरं फिरले. प्रत्येक घरात त्यांना दुरुस्त झालेली एक तरी वस्तू दाखवण्यात आली. एका घरात त्यांच्या पाया पडले. एका गृहस्थानं दार बंद करून कानात सांगितलं की तो सगळे दोनशे बारा लेख वाचतो, पण हे बाहेर कुठे बोलू नका. शैलेंद्र तारे यांनी सही करण्याची तयारी दाखवली, पण स्वतःच्या ऐवजी मंडळाचा शिक्का मारू का, असं विचारलं. मी स्वतः, खरं सांगायचं तर, त्या दिवशी बेल वाजली तेव्हा आपण घरी नसल्याचं आतून सांगितलं.

शेवटचं घर प्राजक्ता ओक यांचं होतं. त्या डायनिंग टेबलावर एक फॉर्म भरत बसल्या होत्या. तो साड्यांच्या एका दुकानाचा होता. हजाराच्या खरेदीवर सोडतीत भाग घेता येणार होता. प्राजक्ताबाईंनी आपलं नाव, पतीचं नाव, दोघांच्या जन्मतारखा, लग्नाची तारीख, दोन मोबाइल क्रमांक, मासिक उत्पन्न आणि घरी दुपारी कोण असतं, एवढं सगळं सुवाच्य अक्षरात भरलं होतं.

“बक्षीस काय आहे?” सरवट्यांनी विचारलं.

“पाच लिटरचा कुकर!”

“बरं. आणि माझी ही सही?”

“काका, रागावू नका. पण मी माझ्या गोपनीयतेबाबत फार काटेकोर आहे.”

सरवटे घरी आले आणि कोरा कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी सुधाताईंना कुकरचं सांगितलं. देखभालीतल्या माणसाला तेवीस ठिकाणी तोच बिघाड दिसला की तो नाराज होतो. पण त्या दिवशी त्यांच्या आवाजात नाराजीपेक्षा हार होती, त्याचं सुधाताईंना वाईट वाटलं.

“मग त्यात काय,” त्या म्हणाल्या. “तुम्हीही कुकर ठेवा.”

पुढच्या रविवारी मंडळाच्या दारात एक टेबल लागलं. त्यावर एक नवा कुकर होता आणि फॉर्मांचा गठ्ठा होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल आणि सही. तळाला एकच प्रश्न होता: ‘आपण काशिनाथ सरवटे यांचे लेख वाचता का?’ दुपारपर्यंत चारशे बारा फॉर्म भरून आले. चारशे बाराही जणांनी ‘होय’ लिहिलं होतं. काहींनी त्यापुढे ‘नियमित’ असंही लिहिलं, न जाणो, त्यानं संधी वाढत असेल. मी दोन भरले, एक पत्नीच्या नावानं.

सोडत निघाली. कुकर प्राजक्ता ओक यांना लागला. तो घरपोच मिळावा म्हणून त्यांनी पत्ता दोनदा दिला, खुणेसकट.

सोमवारी सकाळी सरवटे गठ्ठा घेऊन जवाहर चौकात गेले. मोघ्यांनी तो हातावर तोलून पाहिला.

“पाच मागितले, तुम्ही चारशे आणले. कंपनी खूश हो जाएगी, अंकल.”

कंपनीचं उत्तर या वेळी चोवीस तासांत आलं. श्री. सरवटे यांनी चारशे बारा व्यक्तींची वैयक्तिक माहिती आमिष दाखवून गोळा केल्याचं निष्पन्न झालं होतं. हा कंपनीच्या गोपनीयता धोरणाचा गंभीर भंग होता. त्यांचं लेखक खातं कायमचं बंद करण्यात आलं. जमा आभार वाचकांना परत करण्यात येणार होते, पण वाचक कोण हे कंपनीला माहीत नसल्यामुळे ते कंपनीकडेच राहणार होते. चारशे बारा फॉर्म मात्र पुरावा म्हणून कंपनीनं ठेवून घेतले.

त्याच दिवसापासून अदृश्य ब्राउझरमध्ये ‘वायसर’ उघडली की पडदा लाल होऊ लागला. ‘सावधान! ही साइट आपली माहिती चोरू शकते.’

मंडळात एकच खळबळ उडाली. “माणूस इतकी वर्षं आपल्यात वावरला,” मधुराबाई म्हणाल्या, “आणि मी त्याला माझा गिझर दाखवला!” आठवड्याभरात साइटवर येणारे वाचक बोटांवर मोजण्याएवढे उरले. सरवट्यांनी आणखी एक महिना वाट पाहिली. मग शांतपणे साइट बंद केली. त्या संध्याकाळी त्यांनी घरातल्या चालू मिक्सरचे स्क्रू काढले आणि पुन्हा बसवले. स्क्रूड्रायव्हर सुधाताईंनीच आणून दिला.

पावसाळ्याच्या तोंडावर अडचण झाली. आमच्या घरांत नळ गळू लागले, मोटारी अडकू लागल्या, आणि लेख तर नव्हते. सुदैवानं कुणीतरी पूर्वी सगळे दोनशे बारा लेख उतरवून ठेवले होते. त्यांची एकच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. लेखकाचं नाव आणि फोटो काढून टाकलेला होता. माणसाच्या परवानगीशिवाय त्याचं नाव सगळीकडे फिरवणं, हे आता आम्हा कुणालाच पटत नव्हतं. फाइल नागपूरला गेली, तिथून पुण्याला, तिथून अमेरिकेला. ‘लेखक अज्ञात, पण ज्ञान अफाट,’ असं वर लिहिलेलं होतं.

शैलेंद्र तारे यांना ती त्यांच्या पुण्याच्या मेव्हण्याकडून आली. ते भारावून गेले. मंडळाच्या वार्षिकोत्सवात या अज्ञात लेखकाचा जाहीर सत्कार करायचा ठराव त्यांनी एकमतानं संमत करून घेतला.

हे कळल्यावर सरवटे त्यांच्याकडे गेले. “शैलेंद्र, अहो, तो अज्ञात मीच.”

“ते काय मला माहीत नाही, काका?”

“मग झालं तर.”

“माझ्या माहितीचा प्रश्नच नाही. मंडळाच्या दप्तरी काय लावायचं? साइट असती तर दाखवता आली असती, पण ती तुम्हीच बंद केलीत. फाइलवर नाव नाही. उद्या दुसरं कुणी आलं आणि म्हणालं, मी लिहिलंय, तर?” तारे यांनी क्षणभर विचार केला. “एक करा. पाच सभासदांकडून लिहून आणता का?”

सरवटे उठून घरी आले.

वार्षिकोत्सव रविवारी सकाळी झाला. व्यासपीठावर एक रिकामी खुर्ची ठेवली होती आणि तिला शाल पांघरली होती. तारे यांनी अज्ञात लेखकावर वीस मिनिटं भाषण केलं. तो नम्र असावा, प्रसिद्धीपराङ्मुख असावा, बहुधा महाराष्ट्रातला असावा, असे अंदाज त्यांनी व्यक्त केले. सरवटे तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते. दोनशे माणसं होती. त्यांतल्या प्रत्येकानं लेखकाला कधी ना कधी चहा पाजला होता.

“त्या थोर लेखकाबद्दल कुणाला काही ठाऊक असल्यास,” तारे म्हणाले, “कृपया पुढे यावं.”

कुणी हललं नाही. सरवट्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघितलं. मी कार्यक्रमपत्रिका वाचत होतो.

मग सुधाताई उठल्या. त्या पायऱ्या चढून व्यासपीठावर गेल्या, खुर्चीवरची शाल उचलली, खाली आल्या आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या नवऱ्याच्या खांद्यावर घातली.

“वहिनी, अहो, पडताळणी,” तारे माइकवरूनच म्हणाले.

“माझं नाव सुधा काशिनाथ सरवटे,” सुधाताईंना माइकची गरज पडली नाही. “दोनशे बाराही लेख मी वाचलेत. शुद्धलेखन मी तपासलंय. कुठे सही करायची ते सांगा, आणि एकच झाली तरी चालवून घ्या. बाकीचे चौघे मी तुमच्या दोनशेंतून शोधत बसणार नाही.” आणि नवऱ्याला म्हणाल्या, “चला हो. उठा. आज बाहेर जेवू.”

सरवटे उठले. शाल नीट केली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चालताना ते ताठ होते. दोघं दाराबाहेर पडेपर्यंत सभागृहात टाळ्या चालल्या होत्या. आम्ही उभं राहून वाजवल्या. एका हातात मोबाइल असल्यामुळे काहींना वाजवता आल्या नाहीत.

त्या प्रसंगाचा व्हिडिओ आम्ही सर्वत्र पाठवला आहे. गोपनीयतेची खबरदारी म्हणून दोघांचे चेहरे धूसर केले आहेत आणि सुधाताईंच्या बोलण्यात नाव येत असल्यानं आवाजही काढून टाकला आहे. अदृश्य ब्राउझरवर तो विशेष गाजतो आहे आणि त्याचे आभार मंडळाच्या खात्यात जमा होत आहेत. कंपनीनं आमची पडताळणी एका दिवसात केली. वाचकांचे चारशे बारा फॉर्म त्यांच्याकडे तयारच होते.

व्हिडिओ तुमच्याकडेही आला होता. तुम्ही तो एकोणिसाव्या सेकंदाला सोडलात, अंगठा दाखवलात आणि अकरा जणांना पुढे पाठवलात. आभार एकही दिला नाहीत, पावसुद्धा नाही. घाबरू नका, हे आम्ही कुणालाही सांगणार नाही. तुमच्या गोपनीयतेचा आम्हाला पूर्ण आदर आहे.